कुलरमधला डिसेंबर

नांदुऱ्यात उन्हाळ्याची तक्रार केली की माणसाला मान मिळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "कसं रे राहता तुम्ही तिथे?" आणि आपण जरा सावकाश, तोलून "सवय आहे" असं म्हणतो. डिसेंबरात मात्र तोंडातून थंडीचं नाव निघायचा अवकाश, समोरचा हसायला लागतो. विदर्भात थंडी? २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे मी पुण्याच्या मेहुण्याला तारखेसकट सांगून पाहिलं. तो म्हणाला, "थर्मामीटर बिघडला असेल."

परक्यांचं एक वेळ जाऊ द्या, आमच्या जिल्ह्यातही न्याय नाही. बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा शहर घाटावर, तेव्हा थंडी त्यांची. नांदुरा, मलकापूर, शेगाव हे सगळं घाटाखाली, तेव्हा आमच्या वाट्याला ऊन. वाटणी इतकी पक्की झालेली असताना घाटाखालच्या माणसानं "मला थंडी वाजते" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या धुऱ्यात औत घालणं. स्वेटर घालून स्टेशन रोडला गेलो तरी कोणीतरी काळजीनं विचारतं, "तब्येत बरी नाई का भाऊ?"

खरं तर गावातल्या बाकीच्यांना थंडीशी फारसं देणंघेणं नसतंच. शेतकरी कापूस वेचायला जातो, त्याला काही जाणवेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. दुकानदार खुर्ची उचलून उन्हात मांडतो. मास्तर मुलांना मैदानात बसवतात आणि त्याला शैक्षणिक कारण देतात. अख्ख्या नांदुऱ्यात सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा एका जागी न हलता बसणारे दोनच. एक हायवेवरचा १०५ फुटांचा हनुमान, तोही उभा. आणि दुसरा मी. २०२० च्या करोनात पुण्याच्या कंपनीनं घरी बसून काम करा म्हणून सांगितलं, मी नांदुऱ्याला आलो आणि पुढे मला परत बोलवायचं राहूनच गेलं. तेव्हापासून मी पुण्यातल्या लोकांची बिलं नांदुऱ्यात बसून तपासतो. कंपनीनं खुर्ची दिली, इंटरनेटचा भत्ता दिला. रजईचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नाही.

ऑफिसची खोली ठरवताना घरात मोठी चर्चा झाली होती. काकांनी वास्तुशास्त्र काढलं. उत्तर ही कुबेराची दिशा, म्हणून लॅपटॉप उत्तरेच्या खोलीत. कुबेराचं माहीत नाही, पण सूर्याचं सांगतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर बारा वाजताही आपल्याकडे आभाळात जेमतेम ४५-४६ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जातं आणि उत्तरेच्या खिडकीला दिवसभरात एक कवडसा मिळत नाही. दक्षिणेची खोली आम्ही अडगळीला दिली आहे. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्यात उबदार जागी एक तुटका पाळणा, बाबांची बंद पडलेली लुना आणि चार दिवाळ्यांचे आकाशकंदील राहतात.

"खोल्यांची अदलाबदल करू," मी एकदा म्हणालो.

"अन् लुना कुठं ठेवशील?" बाबांनी विचारलं. याला उत्तर नव्हतं.

घाटाखालचं घर मे महिन्याला घाबरून बांधलेलं असतं. छत उंच, खिडक्या समोरासमोर, खाली शहाबादी फरशी. उन्हाळ्यात पाहुणे त्या फरशीवर कौतुकानं लोळतात. डिसेंबरात तीच फरशी पायमोज्यांतून शिरून दाढेपर्यंत पोहोचते. रात्रभर गार झालेला स्लॅब तर दुपारपर्यंत आपला हट्ट सोडत नाही. बाहेर अकरा वाजता लोक स्वेटर काढून खांद्यावर टाकतात आणि आत मी कानटोपी घालून बसतो. गरम व्हायला मला घराबाहेर जावं लागतं. ज्यानं कोणी घराचा शोध लावला त्याला हे अभिप्रेत नसावं.

आणि उत्तरेच्या त्या खिडकीत कुलर आहे.

कुलर ही वस्तू उन्हाळ्यात थोर असते, पण तिच्या तीन बाजूंना जाळ्या असतात आणि जाळ्यांत गवत. बाहेरची हवा आत आणायची हे तिचं काम. मोटर बंद केली तरी आमचा कुलर हे काम सोडत नाही. सातपुड्याकडून येणारा वारा त्याला फुकटात चालवतो. कुलर काढावा असा ठराव आमच्या घरी दरवर्षी एकमतानं मंजूर होतो.

"कुलर काढला पाहिजे," मी दसऱ्याला म्हणतो.

"दिवाळीच्या साफसफाईत काढू," ही म्हणते.

दिवाळीत पाहुणे असतात. पाहुणे गेल्यावर उचलायला दुसरा माणूस नसतो. शेजारचे भाऊ तयार होतात तर त्यांची कंबर धरते. मग लग्नसराई, मग संक्रांत. आणि जानेवारी सरत आला की आई म्हणते, "आता कायले काढता? शिवरात्रीले थंडी शिव शिव करत जाते, मंग लावाच लागते." असा तो कुलर बारा महिने खिडकीत असतो, घरातल्या एखाद्या कर्त्या पुरुषासारखा नव्हे, कारण कर्ता पुरुष हिवाळ्यात निदान दार लावून घेतो.

शेवटी मी हिटर आणला. लाल दांड्यांचा, २००० वॅटचा. बाबांनी आधी हिटरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मीटरकडे, मग माझ्याकडे, आणि कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. २००० वॅट म्हणजे तासाला २ युनिट. आठ तासांचे १६. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर ४००. आमच्याकडे हिवाळ्यात पंखे-कुलर बंद, त्यामुळे एरवी वापर १०० युनिटांच्या आत. महावितरणचा घरगुती विजेचा सगळ्यात स्वस्त टप्पा नेमका १०० ला संपतो. पुढे ३०० पर्यंत वेगळा दर, ५०० पर्यंत त्याहून चढा. म्हणजे मी एकट्यानं, मांडी न मोडता, घराला दोन टप्पे वर नेऊन ठेवणार होतो. आमच्या घराण्यात एवढी बढती कोणाला मिळालेली नाही.

बरं, इतकं करून ऊब कोणाला? गरम हवा वर जाते हे शाळेत शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं. छत अकरा फुटांवर. हिवाळ्यात दिसेनाशी झालेली पाल लगेच परतली आणि ट्यूबलाइटमागून तजेलदार आवाजात चुकचुकू लागली. उरलेली ऊब कुलरच्या जाळीतून बाहेर जात होती. ४०० युनिटांत मी सातपुडा तापवायला घेतला होता.

"तो हनुमान पाय," बाबा म्हणाले. "१०५ फुटाचा हाय. हायवेवर उघड्यात उभा हाय. त्यानं मागतला का हिटर?"

हिटर अडगळीच्या खोलीत गेला. आता लुनाशेजारी असतो, गरजच नाही अशा जागी.

मग सल्ले सुरू झाले. थंडी नाकारणाऱ्या गावात थंडीवरचे उपाय मात्र घरटी पाच. आईनं शेगडी सुचवली. पण कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून शेगडी पेटवायची तर खिडकी उघडी हवी. खिडकी उघडी ठेवायची तर मग शेगडी कशाला पेटवली, हे कोणी सांगत नाही. यावर आईचं म्हणणं, "तू ना, लय शिकला."

काका म्हणाले, ऊब आतून यायला पाहिजे, डिंकाचे लाडू खा. खाल्ले. ऊब आली नाही, पण खुर्ची कुरकुरायला लागली. शेजारच्या भाऊंनी भरिताच्या पार्टीला नेलं. पऱ्हाटीचा जाळ, त्यावर फुटायला आलेली वांगी, भोवती आम्ही हात शेकत बसलेलो. त्या रात्री मला पहिल्यांदाच खरोखर गरम वाटलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडमना विचारायचं मनात आलं होतं, की आठवड्याचा आढावा पऱ्हाटीभोवती घेता येईल का. शेत इथलंच असेल, इंटरनेटही पोहोचतं.

कॅनडातल्या पुतण्याशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा तर लाजच वाटली. तो गंजिफ्रॉक आणि हाफपँटवर, हातात आइस्क्रीम. मी कानटोपी, मफलर, शाल.

"बाहेर किती आहे रे तिकडे?"

"उणे अठरा. तुमच्याकडे, काका?"

"अकरा."

"उणे?"

"साधे."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "काका, डॉक्टरला दाखवलं का?" त्याला काय सांगणार, की तिकडचं घर थंडीला घाबरून बांधलेलं असतं, दोन काचांच्या खिडक्या, भिंतीच्या पोटात कापसासारखं काहीतरी भरलेलं. आमच्या भिंतीच्या पोटात फक्त गेल्या वर्षी हरवलेला ड्रिलचा बिट आहे.

पुतण्या मात्र हुशार. त्यानंच सांगितलं की खोली कशाला तापवता, माणूस तापवा. काश्मिरात म्हणे फेरनच्या आत निखाऱ्याची कांगडी घेऊन माणसं फिरतात. जपानात कोतात्सू असतं. बुटकं टेबल, खाली छोटा हिटर, वरून रजई आणि रजईत पाय घालून अख्खं घर. आईनं कांगडीचं ऐकलं आणि "अन् धोतर पेटलं मंग?" एवढंच विचारून विषय संपवला. मी धोतर नेसत नाही, पण तिचा मुद्दा बरोबर होता.

राहिला जपान. टेबल होतं, रजईही मिळाली असती. छोट्या हिटरऐवजी जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावायचं ठरवलं. तो प्रकाशाच्या नावाखाली सगळी उष्णताच देतो. दिवसाचे आठ तास धरले तरी एक युनिट पुरं होत नाही. पण एलईडीच्या दिवसांत पिवळा बल्ब मिळणं सोपं नाही. दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ खाल्लेला एक काढला.

"कोंबड्या टाकल्या का भाऊ?"

"नाही, ऑफिससाठी."

त्यानं बल्ब कागदात गुंडाळताना मला दोनदा पाहून घेतलं. पिल्लांना ऊब द्यायला कोंबडीवाले हाच बल्ब नेतात. घरी आल्यावर टेबलाखालचा पिवळा उजेड बघून ही म्हणाली, "अंडी कधी देणार?" प्रयोग झकास चालला होता. पाय इतके सुखावले की दुपारच्या मीटिंगमध्ये मी डोळे मिटून विचार करू लागलो. जागा झालो तो करपलेल्या वासानं. रजईचा कोपरा बल्बला टेकला होता. तेव्हा वाचकहो, हे तुम्ही करू नका. पुतण्यालाही सांगून टाकलं की जपानला माझा नमस्कार कळव.

करपलेल्या कोपऱ्यानं एक भलं झालं. रजई पिंजाऱ्याकडे न्यावी लागली. आजीच्या वेळची रजई, दबून पापड झालेली. मला वाटत होतं रुई मेली. पिंजाऱ्यानं चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, "मरत नसते रुई, दबली हाय. हवा पायजे तिले." हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, ऊब कापसाची नसतेच, कापसात अडकून पडलेल्या हवेची असते. पिंजून मोकळा केला की तोच कापूस पुन्हा कामाला लागतो.

"किती बाय किती?"

"पायांपासून छातीपर्यंत. खुर्चीत बसून घ्यायची आहे, ऑफिसात."

"ऑफिसात रजई?" त्याची मान पहिल्यांदा वर झाली. "सरकारी हाय का?"

आम्ही राहतो वऱ्हाडात. इथला कापूस नेण्यासाठी खामगावला रेल्वेचा फाटा टाकला, तेव्हा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो सुरू करायला आला होता. साहेब एवढ्या लांबून कापसासाठी येतो, आणि त्याच कापसाच्या मुलखात बसून मी तोवर ऑनलाइन मागवलेल्या पॉलिस्टरच्या ब्लँकेटखाली कुडकुडत होतो. केस तेवढे उभे राहायचे, तेही थंडीनं नव्हे, विजेनं.

नवी रजई, पायाखाली सोयाबीनची रिकामी पोती आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. दोन लिटर पाणी तापवायला विजेचा असा काय खर्च, युनिटचा सातवा-आठवा भाग. बाबांनीही आक्षेप घेतला नाही. कॅमेऱ्यात दिसणारा मी पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. न दिसणारा नांदुऱ्याचा. बरं चाललं होतं. मग २६ जानेवारी आली.

कंपनीनं सकाळी आठला ऑनलाइन झेंडावंदन ठेवलं होतं. कॅमेरे सुरू ठेवणं सक्तीचं. सकाळी आठला उत्तरेच्या खोलीत काय परिस्थिती असते ते वर आलंच आहे, तेव्हा पिशवी नुकतीच भरलेली, रजई कमरेला ओढणीनं घट्ट बांधलेली. मॅडम म्हणाल्या, "कृपया सर्वांनी उभं राहावं." आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं असतं. त्यात हलायचं नसतं. मी सावधान उभा राहिलो आणि पिशवी रजईच्या आत निघाली. मांडीवरून गुडघ्यावर आली, तिथे थोडी थांबली. मग नडगी. मी समोर पाहत होतो. शेवटच्या ओळीला ती पावलावर उतरली आणि तिचं बूच सुटलं. पुढच्या काही क्षणांत मी जो निश्चल राहिलो तसा आयुष्यात कधी राहिलो नव्हतो. गीत संपलं, सगळे बसले. मॅडमचा आवाज जड झाला होता.

"एक सांगू का सर, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ना, ते सगळ्यांनी पाहिलं. अशी भावना हल्ली दिसत नाही."

त्या महिन्याचं उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मला मिळालं. पावलाला मलम लावता लावता ही म्हणाली, "पुरे झालं. तो कुलर आजच्या आज बुजवा."

कुलर बुजवायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. वारा शिरत नाही, पाणी शिरत नाही, मापात मिळतं आणि आपल्याकडे त्याची टंचाई कधी पडत नाही. भाऊंनी एक आणून दिलं. एका होतकरू नेत्याचा वाढदिवस, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे तीस-पस्तीस चेहरे. आता प्रश्न असा, की छापील बाजू कुठे करायची? बाहेर केली तर रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटणार की आमचं घर त्या पक्षात गेलं. आधी बाहेर केली, आणि ते वाटलंच. एक आजोबा निराधार योजनेचा अर्ज घेऊन आले, दुसऱ्याला डीपी जळल्याचं सांगायचं होतं. चहा द्यावा लागला. मग छापील बाजू आत वळवली. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्या खांद्यामागे एक नेता हात जोडून उभा असतो.

"मागे कोण आहेत?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या इथले आहेत."

"मीटिंगला बसणार आहेत का ते?"

वारा मात्र थांबला. साफ थांबला. खोली इतकी बदलली की घरात बातमी फुटली. आधी बाबा पेपर घेऊन आले, मग आई तुरीच्या शेंगा सोलायला, मग काका, कारण बाबा तिथे होते. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. तिघे आणि मी मिळून ४०० वॅट, मीटरवर शून्य. काटकसरीच्या दृष्टीनं याहून उत्तम हिटर नाही. फक्त त्याला चहा लागतो, आणि तो बंद करता येत नाही. परवा तिमाहीचे आकडे सांगत असताना काकांचा आवाज पुण्यापर्यंत गेला, "हे तर काहीच नाई, आमच्या टायमाले विहिरीचं पाणी वाफायचं." कंपनीच्या इतिवृत्तात ते वाक्य माझ्या नावावर नोंदलं गेलं आहे.

बिल आलं तेव्हा ते १०० च्या आत होतं. बाबांनी ते आल्यागेल्याला दाखवलं.

अडचण उरली ती एकच, त्या नेत्याची. म्हणून नांदुरा, मलकापूर, खामगाव या बाजूच्या वाचकांना एक विनंती आहे. कोणाकडे चार बाय चारचं, दोन्हीकडून कोरं फ्लेक्स असेल तर कळवावं. छापील असलं तरी चालेल, पक्ष कुठलाही चालेल, पण उमेदवार पडलेला हवा, म्हणजे कोणी अर्ज घेऊन येत नाही. आणि द्यायचं तर शिवरात्रीच्या आत द्या. नंतर आम्हाला कुलर लागतो.